बसच्या नव्या वेळांबरोबर जुन्या वेळाही छापाव्यात

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

बसच्या वेळा बदलल्या की आपल्या दैनिकात त्याची बातमी येते आणि ती बहुधा चार-पाच ओळींत आटोपलेली असते. अमुक क्रमांकाच्या मार्गावरील गाड्या अमुक तारखेपासून सुधारित वेळेनुसार सुटतील, तरी प्रवाशांनी नोंद घ्यावी, इतकाच तिचा मजकूर. मी एका बस वाहतूक संस्थेच्या वेळापत्रक विभागात सत्तावीस वर्षे नोकरी केली. अशा बातम्यांमागचे तक्ते तयार करणे हेच माझे काम होते आणि निवृत्तीनंतर मी त्याच गाड्यांची रोजची प्रवासी झाले आहे. जुनी वेळ काय होती, ती कशामुळे बदलली, पहिल्या थांब्यापासून शेवटच्या थांब्यापर्यंत जायला आता किती मिनिटे जास्त लागणार आहेत आणि त्यापायी दिवसातल्या किती फेऱ्या कमी झाल्या, यांतले काहीही त्या ओळींत नसते. ते असावे, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. विनंती लहान आहे, पण तिच्यामागचे कारण सांगायला जरा जागा लागेल. ती आपण द्यावी.

प्रवासाला लागणारा वेळ वाढला तर फार तर घरी पोहोचायला दहा मिनिटे उशीर होईल, अशी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात नुकसान दोन ठिकाणी होते, एक गाडीत बसल्यावर आणि दुसरे गाडी यायच्या आधी थांब्यावर. एक साधे उदाहरण घेते. एखाद्या मार्गावर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला ४० मिनिटे लागतात आणि दोन्ही टोकांना गाडी दहा-दहा मिनिटे उभी राहते, असे धरू. म्हणजे निघालेली गाडी जाऊन-येऊन पुन्हा सुटायला तयार होईपर्यंत १०० मिनिटे जातात. या मार्गाला दहा गाड्या दिल्या तर दर दहा मिनिटांनी एक गाडी सुटेल आणि सेवा दिवसाचे १४ तास चालली तर प्रत्येक टोकाहून ८४ गाड्या निघतील. पुढे काही वर्षांत रस्त्यावरची गर्दी वाढत गेली आणि तोच प्रवास ५० मिनिटांचा झाला. जाऊन-येऊन आता १२० मिनिटे लागतात. गाड्या दहाच आहेत, त्यामुळे त्या दर बारा मिनिटांनी सुटू लागतात आणि ८४ गाड्यांच्या ७० होतात. आगारातून एकही गाडी गेलेली नाही, एकाही चालकाला कमी केलेले नाही, मार्ग तोच, थांबे तेच, आणि तरीही एका बाजूच्या चौदा गाड्या रोज नाहीशा झालेल्या आहेत. त्या कुणी रद्द केल्या असे विचारले तर कुणाचेच नाव सांगता येत नाही, कारण तसा निर्णय कुणी घेतलेलाच नसतो. दहा मिनिटांचे अंतर टिकवायचे ठरवले तर दहाच्या जागी बारा गाड्या लागतील. पूर्वी होती तेवढीच सेवा देण्यासाठी दोन गाड्या आणि त्यांवरची माणसे जास्त. अंदाजपत्रकात हा वाढीव खर्च दिसतो. त्यातून प्रवाशाला नवे काहीच मिळालेले नाही, हे दिसत नाही.

माणसांच्या पाळ्यांचा हिशेब तर याहून कठीण. आठ तासांची ड्यूटी म्हणजे ४८० मिनिटे. शंभर मिनिटांची फेरी असताना एका ड्यूटीत चार फेऱ्या बसत असत आणि उरलेल्या ८० मिनिटांत हजेरी, गाडीची तपासणी, जेवणाची सुट्टी आणि शेवटी हिशेब भरणे हे सारे मावत असे. फेरी १२० मिनिटांची झाली की चार फेऱ्यांत ४८० मिनिटे पुरी भरतात आणि जेवायलाही वेळ उरत नाही. मग ड्यूटी तीन फेऱ्यांची करावी लागते. प्रवासाची वेळ चढत जाते मिनिटामिनिटाने, फेऱ्या मात्र अख्ख्याच्या अख्ख्या गळतात. एखाद्या मार्गावर तीन-चार वर्षे काहीच बदलले नाही असे वाटते आणि मग एका सोमवारी अचानक दुपारच्या दोन गाड्या नसतात, त्याचे कारण हे आहे. प्रवाशांना वाटते की त्या गाड्यांना गर्दी नव्हती म्हणून त्या काढल्या. कित्येकदा त्या गाड्या भरून जात असतात.

यावर एक सोपा दिसणारा उपाय नेहमी सुचवला जातो, तो म्हणजे टोकावरची दहा मिनिटे कमी करा. माझ्या टेबलावरही तो अनेकदा आला आणि दोन-तीनदा तो मान्य करून मी तक्ते बनवले, याची मला आजही खंत आहे. त्या दहा मिनिटांकडे बाहेरून पाहिले तर गाडी नुसती उभी आणि चालक झाडाखाली बसलेला दिसतो. परंतु आधीच्या फेरीत झालेला उशीर त्याच दहा मिनिटांत जिरतो आणि पुढची फेरी पुन्हा ठरल्या वेळी निघू शकते. ती काढून घेतली की सकाळी साडेआठच्या कोंडीत झालेला सात मिनिटांचा उशीर दुपारपर्यंत गाडीला चिकटून राहतो, आणि सकाळी कुठेतरी रस्ता अडला होता म्हणून दुपारी दोन वाजता मोकळ्या रस्त्यावरचा प्रवासी उन्हात उभा राहतो. चालकाला पाणी प्यायला आणि स्वच्छतागृहात जायलाही वेळ मिळत नाही, हे तर वेगळेच. कागदावर या उपायाने एक गाडी वाचते. रस्त्यावर सगळ्याच गाड्यांचा भरवसा जातो.

भरवसा हा शब्द मी विचार करून वापरते आहे, कारण वेळापत्रकाची सुरुवातच त्यापासून झाली. गणिती ब्लेझ पास्कल याच्या पुढाकाराने १६६२ सालच्या मार्चमध्ये पॅरिसमध्ये ठरावीक मार्गावर, ठरावीक भाड्यात चालणाऱ्या घोडागाड्या सुरू झाल्या. या गाड्या नेमून दिलेल्या वेळी सुटतील, बसणारे कितीही थोडे असले तरी सुटतील, अगदी रिकाम्यासुद्धा सुटतील, असे तेव्हा जाहीर करण्यात आले होते. ती सेवा पुढे काही वर्षांनी बंद पडली. १८२९ सालच्या ४ जुलैला जॉर्ज शिलिबिअर याने लंडनमध्ये पॅडिंग्टन ते बँक असा तीन घोड्यांचा, सुमारे बावीस माणसे बसतील असा ऑम्निबस सुरू केला, तोही सुटण्याच्या वेळा आधी जाहीर करून. गाडी भरली की सुटेल, हा भाड्याच्या वाहनाचा नियम. वेळ झाली की सुटेल, हा बसचा. बाकी सारे बदलले तरी बसला बस म्हणायचे ते या दुसऱ्या नियमामुळे, असे मी मानते. म्हणूनच प्रवासाला किती वेळ लागतो हे तपासून पाहणे आणि तक्त्यात खरी वेळ लिहिणे, हे काम मला कधी कारकुनी वाटले नाही.

ते काम कसे चालत असे, हे थोडे सांगते. गाड्यांवर जीपीएस नव्हते तेव्हा आम्ही स्वतः गाडीत बसून वेळा टिपत असू. एक फेरी माझ्या चांगलीच लक्षात आहे. पावसाळ्यातला दिवस होता आणि मी चालकाच्या मागच्या आसनावर मांडीवर फळी, फळीवर तक्ता आणि हातात स्टॉपवॉच घेऊन बसले होते. तक्त्याला प्रत्येक थांब्यासाठी तीन रकाने होते: गाडी थांबली कधी, हलली कधी, आणि चढले-उतरले किती. चौथा रकाना मी स्वतः पेन्सिलने आखून घेतला होता आणि त्यावर नुसते 'कारण' असे लिहिले होते. अकराव्या थांब्याच्या अलीकडे गाडी उभी राहिली ती राहिलीच. समोर थांब्याच्या जागेत एक टेम्पो सामान उतरवत होता, त्याच्यामागे एक मोटार दिवे लुकलुकवत उभी होती आणि आमच्या मागून येणारी वाहने उजवीकडून पुढे निघून जात असल्याने चालकाला गाडी बाहेर काढायला फट मिळेना. प्रवासी चिखलातून चालत गाडीपर्यंत आले. एका आजीबाईंना पहिली पायरी उंच पडली, कारण गाडी पदपथाला लागलेलीच नव्हती. वाहकाने खाली उतरून त्यांचा हात धरला, त्यांची पिशवी वर ठेवली, मग घंटी दिली. तेवढ्यात सिग्नल लाल झाला. त्या एका थांब्यावर आमची तीन मिनिटे चाळीस सेकंद गेली आणि त्यांतली माणसे चढण्या-उतरण्याची जेमतेम चाळीस सेकंद होती. आजीबाईंमुळे उशीर झाला, असे मागच्या बाकावरचे एक गृहस्थ मोठ्याने म्हणाले. माझा पेन्सिलचा रकाना वेगळे सांगत होता.

त्या फेरीचा तक्ता विभागात दिला तेव्हा त्यातली एकूण वेळ तेवढी उचलली गेली आणि नव्या वेळापत्रकात तीन मिनिटे वाढवून मिळाली. 'कारण' हा रकाना पुढे गेलाच नाही. तो ज्यांच्याकडे जायला हवा, म्हणजे रस्ता, वाहनतळ आणि सिग्नल ज्यांच्या हातात आहेत त्यांच्याकडे, तिथवर पोहोचण्याची वाटच आमच्या पद्धतीत नव्हती. पुढच्या पाहणीत आणखी दोन मिनिटे वाढली, त्यापुढच्या पाहणीत आणखी. दर वेळी वेळापत्रक खरे झाले आणि दर वेळी ज्या अडथळ्याने ते खोटे पाडले होते तो अडथळा वेळापत्रकात पक्का होऊन बसला. माझी मूळ तक्रार ही आहे. रस्त्याचे दुखणे बसच्या तक्त्यात लिहून टाकले की ते रस्त्याचे दुखणे राहत नाही, बसची संथ चाल होते आणि लोक बसला नावे ठेवू लागतात.

वाढलेली सगळीच मिनिटे वाईट असतात, असे मात्र मी म्हणणार नाही. नवी वस्ती झाली, तिथल्या लोकांसाठी एक वळसा आणि दोन थांबे वाढवले, तर आधीच्या प्रवाशांची मिनिटे जातात आणि नव्यांना गाडी मिळते. हा व्यवहार उघडपणे केलेला असेल तर तो योग्यच आहे. चाकाच्या खुर्चीवरच्या प्रवाशाला चढता यावे म्हणून गाडी खाली झुकते आणि फळी उघडते, त्याला वेळ लागतो, आणि तो वेळ तक्त्यात सन्मानाने धरलेला असला पाहिजे. वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवरची वेगमर्यादा ताशी ३० मैलांवरून २० मैलांवर आणली गेली, तेव्हा तिथल्या बसच्या वेळापत्रकांनाही तिचा विचार करावा लागला. मुलाबाळांचा जीव वाचावा म्हणून दिलेली मिनिटे वेगळी आणि थांब्यात उभ्या केलेल्या मोटारीला दिलेली मिनिटे वेगळी. दोन्ही एकाच आकड्यात मिसळली गेली की कोणती ठेवायची आणि कोणती परत मागायची, हे कळत नाही. कारण छापा असे मी म्हणते ते याचसाठी.

वेळ फक्त वाढतच जातो, हेही खरे नाही. घोड्यांच्या जागी इंजिन आले तेव्हा तो कमी झाला. लंडनच्या सर्वांत मोठ्या बस कंपनीची शेवटची घोडागाडी १९११ च्या ऑक्टोबरमध्ये धावली. रस्त्यावर बससाठी वेगळी मार्गिका राखली की तो पुन्हा कमी होतो. लंडनमध्ये अशी पहिली मार्गिका १९६८ च्या फेब्रुवारीत व्हॉक्सहॉल पुलावर आखली गेली. ब्राझीलमधल्या कुरिचिबा शहराने १९७४ पासून बसला सबंध रस्त्याच्या मधोमध स्वतंत्र वाट दिली आणि १९९१ साली नळकांड्यासारखी दिसणारी, आत शिरतानाच भाडे घेणारी स्थानके बांधली. न्यूयॉर्कमध्ये ऑक्टोबर २०१९ मध्ये चौदाव्या रस्त्यावरून मोटारींची थेट ये-जा दिवसाच्या बहुतेक वेळात बंद करण्यात आली, तेव्हा गाड्या इतक्या मोकळ्या धावू लागल्या की जुन्या वेळापत्रकाच्या पुढे जाऊ नये म्हणून चालकांना वेग आवरावा लागला. आमच्यासारख्या वेळापत्रकवाल्यांसाठी याहून आनंदाची अडचण असू शकत नाही. तक्त्यातली मिनिटे परत मिळवता येतात, ती कायमची गेलेली नसतात, हे या गोष्टीने दाखवून दिले.

झुरिकचे उदाहरण मला अधिक जवळचे वाटते, कारण तिथे हा प्रश्न सरळ नागरिकांपुढे ठेवला गेला. १९७३ साली तिथल्या मतदारांनी भुयारी रेल्वेची योजना नाकारली आणि १९७७ साली ट्राम व बस यांना रस्त्यावर प्राधान्य देण्यासाठी पैसा मंजूर केला. त्यातून सिग्नलची अशी व्यवस्था उभी राहिली की ट्राम किंवा बस चौकाजवळ आल्याचे सिग्नलला कळते आणि तिला शक्यतो थांबावे लागत नाही. वेळापत्रकाच्या बाजूने पाहिले तर हा फार मोठा फरक आहे. एका ठिकाणी रस्त्याप्रमाणे वेळापत्रक बदलतात आणि दुसऱ्या ठिकाणी वेळापत्रक पाळले जावे म्हणून रस्त्याची व्यवस्था बदलतात.

थांब्यावर जाणाऱ्या वेळेबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. वाहक असतो तेव्हा माणसे चढतात, गाडी सुटते आणि तिकिटे चालत्या गाडीत फाडली जातात. वाहक काढून तिकिटांचे काम चालकाकडे दिले की प्रत्येक रोख व्यवहार गाडी उभी असताना होतो. सुट्ट्या पैशांची घासाघीस झाली की एकेका माणसामागे कितीतरी सेकंद जातात आणि वीस माणसे चढणाऱ्या थांब्यावर त्यांची मिनिटे होतात. बचत म्हणून केलेला हा बदल कित्येक शहरांत प्रवासाची वेळ वाढवून गेला, आणि मग फेरी लांबल्यामुळे गाड्या जास्त लागू लागल्या. आधी काढलेले तिकीट, पास किंवा कार्ड यांनी ही वेळ बरीचशी परत मिळते, सगळ्या दारांतून चढू दिले तर आणखी मिळते. लंडनच्या बसमध्ये जुलै २०१४ पासून रोख भाडे घेणेच बंद झाले. रोखीवाचून ज्यांचे अडते त्यांची सोय आधी करून मगच असा निर्णय घ्यावा, असे माझे मत आहे, पण मिनिटांचा हिशेब तिकिटापाशी येऊन थांबतो हे नाकारता येत नाही.

आता थोडे चालकांच्या बाजूने. तक्त्यात वेळ कमी धरला तर चालक घाई करतो, थांबा चुकवतो, पाय पायरीवर असताना गाडी हलवतो. वेळ जास्त धरला तर गाडी मधल्या थांब्यावर रेंगाळते आणि आतले प्रवासी घड्याळाकडे बघत बसतात. या दोहोंमधली जागा शोधणे हीच या कामाची कसोटी असते. दहा फेऱ्यांपैकी साधारण आठ-साडेआठ फेऱ्या ज्या वेळात पुऱ्या होतील तेवढी वेळ धरावी आणि उरलेल्यांचा उशीर टोकावरच्या विश्रांतीत जिरवावा, अशी सर्वसाधारण पद्धत आहे. एक गोष्ट मात्र मी नव्या सहकाऱ्यांना नेहमी बजावून सांगत असे: मधल्या थांब्यावरून गाडी वेळेआधी कधीही सुटता कामा नये. गाडी तीन मिनिटे उशिरा आली तर प्रवाशाची तीन मिनिटे जातात. ती एक मिनिट आधी निघून गेली तर वेळेवर आलेल्या माणसाची पुढच्या गाडीपर्यंतची सगळी मिनिटे जातात, आणि अर्ध्या तासाने गाडी असलेल्या मार्गावर तो अर्धा तास असतो. ज्याने वेळापत्रकावर सर्वांत जास्त विश्वास ठेवला त्यालाच ही शिक्षा होते.

आणि दर दहा मिनिटांनी गाडी आहे, असे फलकावर लिहिलेले असले तरी प्रवाशाला दहा मिनिटांनी गाडी मिळते असे नाही. वीस मिनिटे गाडी नाही आणि मग एकामागे एक दोन गाड्या, हा अनुभव कुणाला नाही? याचे कारण चालकांची मैत्री नसते. पुढच्या गाडीला थोडा उशीर झाला की पुढच्या थांब्यावर तिची वाट पाहणारे अधिक जमतात, त्यांना चढायला अधिक वेळ लागतो, गाडी आणखी मागे पडते. तिच्या मागच्या गाडीला मात्र थांब्यावर माणसेच मिळत नाहीत, म्हणून ती भरभर पुढे येते आणि शेवटी पहिलीला गाठते. नेवेल आणि पॉट्स या संशोधकांनी १९६४ साली हे गणिताने मांडून दाखवले. दहा-दहा मिनिटांनी नीट येणाऱ्या गाडीसाठी सहज थांब्यावर आलेल्या माणसाला सरासरी पाच मिनिटे थांबावे लागते. त्याच दोन गाड्या वीस मिनिटांनी जोडीने आल्या तर सरासरी दहा मिनिटे थांबावे लागते. दिवसाअखेर अहवालात फेऱ्या तितक्याच भरतात. लंडनमध्ये वरचेवर गाड्या असलेल्या मार्गांची कामगिरी, ठरल्यापेक्षा प्रवाशाला थांब्यावर सरासरी किती जास्त वाट पाहावी लागली, यावरून मोजतात. मोजायचे ते हेच. झालेल्या फेऱ्यांच्या आकड्यांवर समाधान मानण्याची सवय आम्ही नोकरीत असतानाच सोडायला हवी होती.

शेवटच्या गाडीचा विषय वेगळाच आहे आणि मला तो सर्वांत जास्त लागतो. फेरीची वेळ वाढली, ड्यूटी संपायची वेळ तीच राहिली, की शेवटची गाडी अर्ध्या तासाने अलीकडे ओढली जाते. त्या गाडीत सात-आठच माणसे असतात, असे सांगून या बदलाचे समर्थन होते. पण तिच्यात न बसणारी किती माणसे तिच्या भरवशावर घराबाहेर राहतात, याची मोजणी कुणी केलेली नसते. सायंकाळची शिकवणी, दवाखान्यातल्या माणसापाशी बसणे, दुसऱ्या पाळीचे काम, ही सारी साडेनऊच्या गाडीने होतात, कारण ती चुकलीच तर सव्वादहाची असते. ती सव्वादहाची गाडी गेली की साडेनऊची शेवटची होते, आणि शेवटच्या गाडीवर विसंबायची हिंमत नसलेली माणसे नऊच्याच गाडीने निघतात. काही निघतच नाहीत. मग साडेनऊच्या गाडीलाही माणसे उरत नाहीत.

इतके सगळे ज्यातून वाचता येते ती जुनी वेळापत्रके मात्र कुणी ठेवत नाही. नवे लागू झाले की जुने रद्दीत जाते. माझ्या ओळखीच्या एका थांब्यावर पत्र्याचा फलक आहे. त्यावरच्या वेळा दर बदलाला खरवडून पुन्हा रंगवल्या जात, आणि तिरप्या उन्हात पाहिले तर नव्या आकड्यांखाली जुने आकडे उमटलेले दिसतात. सातच्या खाली पावणेसात, त्याच्याही खाली साडेसहाचा पुसट सहा. मी तिथे उभी राहून ते वाचते, कारण त्यांतले काही आकडे मी बसवलेले होते. आता तिथे नवी काच बसणार आहे असे ऐकते आणि तेवढाही पुरावा जाईल.

आज हे जतन करणे पूर्वीइतके अवघड नाही. २००५ साली अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या वाहतूक संस्थेबरोबर गूगलने बसच्या वेळा संगणकाला वाचता येतील अशा एका ठरावीक नमुन्यात मांडल्या आणि पुढे जगभरच्या असंख्य संस्थांनी तोच नमुना स्वीकारला. कोणती फेरी कोणत्या थांब्यावर किती वाजता, हे सारे त्या धारिकांमध्ये असते. दर बदलाच्या वेळी जुनी धारिका पुसण्याऐवजी तारीख घालून ठेवून दिली, तर पाच वर्षांनी कुणालाही दोन्ही शेजारी ठेवून कोणत्या दोन थांब्यांमधली मिनिटे वाढली ते पाहता येईल. एकूण वेळ किती वाढली यापेक्षा कुठे वाढली हे कळणे महत्त्वाचे आहे. बारा मिनिटांची वाढ बहुधा सगळ्या रस्त्यावर पसरलेली नसते. ती दोन-तीन चौकांत आणि एखाद्या अरुंद पट्ट्यात साचलेली असते. तेवढ्याच जागी मार्गिका आखली, तेवढाच सिग्नल बदलला, तेवढेच वाहनतळ हलवले तरी सबंध फेरी आटोपशीर होऊ शकते आणि गळालेल्या फेऱ्या परत येऊ शकतात.

म्हणून आपल्याकडे माझी विनंती अशी आहे. यापुढे बसच्या सुधारित वेळांची बातमी छापताना संबंधित वाहतूक संस्थेकडून चार गोष्टी आवर्जून मागून घ्याव्यात आणि नव्या वेळांच्या शेजारी छापाव्यात: आधीच्या वेळा, टोकापासून टोकापर्यंतचा आधीचा आणि आताचा वेळ, दिवसातल्या आधीच्या आणि आताच्या फेऱ्या, आणि बदलाचे कारण. जागा कमी असेल तर कारण ठेवावे आणि माझ्या पत्रातला अर्धा मजकूर गाळावा. संस्थेला हे देणे कठीण नाही. नवा तक्ता मंजुरीला जातो तेव्हा जुना त्याच्या शेजारीच मांडलेला असतो, हे मी अनुभवाने सांगते. ज्या वाचकांनी घरात जुन्या वेळापत्रकांची पुस्तिका, पासाच्या पाकिटातले कात्रण किंवा थांब्याच्या फलकाचे छायाचित्र जपून ठेवले असेल, त्यांनी त्यावर मार्गाचा क्रमांक आणि आठवत असलेले वर्ष लिहून ते आपल्याकडे पाठवावे, असे आवाहनही आपण करावे. माझ्याकडे एका कापडी पिशवीत त्या पाहणीचे काही तक्ते आहेत, पेन्सिलने आखलेल्या चौथ्या रकान्यासह. अक्षर अजून वाचता येते. आपण सांगाल त्या दिवशी मी ते कार्यालयात आणून देईन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त वेळापत्रक कर्मचारी आणि नियमित वाचक